मांताच्या प्लायिता मियात जेवायला बसलात तर विचे मागवा

इक्वेडोरच्या किनाऱ्यावर आलेला पाहुणा आधी सेविचे, म्हणजे लिंबाच्या आंबट रसातली मासळी, मागवतो. मागवावं, इथलं सेविचे चांगलंच असतं. पण मांता शहरात तार्कीच्या किनाऱ्यावर प्लायिता मिया म्हणून जो मासळी बाजार आहे, तिथं बसून कुणी नुसतं सेविचे खाऊन उठलं की मला खरंच हळहळ वाटते. मांता ज्या प्रांतात आहे त्या मनाबीचं जेवण म्हणजे शेंगदाणा, कच्चं केळं आणि या दोघांच्या संगतीत शिजलेला मासा. ते सगळं एका वाडग्यात हवं असेल तर विचे मागवायचं. हे मी इथं भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आज लिहूनच ठेवतो.

मी ग्वायाकिलला राहतो आणि कोळंबीच्या तळ्यांना खाद्य पुरवण्याच्या धंद्यात आहे. कामासाठी दक्षिणेच्या एल ओरोपासून उत्तरेला पेदेर्नालेसपर्यंत सगळा किनारा फिरावा लागतो, आणि मांता वाटेवर असलं की जेवण प्लायिता मियात. मासळी ताजी कुठली आणि बर्फात चार दिवस पडलेली कुठली, हे ओळखणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे इथल्या टपऱ्यांबद्दल बोलताना मी जरा कडक असतो, पण जे आवडतं ते मनापासून आवडतं.

ग्वायाकिलहून मांता बसनं साडेतीन-चार तास. वाटेतलं हिपिहापा गाव मागे पडलं की डोंगर कोरडे होतात, फुगीर बुंध्यांची सेइबोची झाडं आणि निवडुंग दिसायला लागतात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तर सकाळी आभाळ राखाडीच. समुद्रकिनारा म्हणून ऊन आणि निळं पाणी डोक्यात घेऊन आलेला माणूस थोडा हिरमुसतो. पण दक्षिणेकडून येणारा थंड हम्बोल्ट प्रवाह आणि उत्तरेकडचं कोमट पाणी याच पट्ट्यात एकमेकांना भेटतं, आणि मासळीची चंगळ त्यातूनच येते. मांता हे टूनाचं बंदर म्हणून जगभर ओळखलं जातं. मोठ्या बोटी पलीकडे बंदरात लागतात, छोट्या होड्यांचा माल मात्र तार्कीच्या वाळूवर उतरतो.

जेवायला दुपारी जाणार असलात तरी एकदा सकाळी सातच्या सुमाराला तिथं जाऊन उभे राहा. होड्या लाटेत उभ्या असतात, कमरेइतक्या पाण्यातून माणसं खांद्यावर क्रेट घेऊन पळत वर येतात आणि डोक्यावर फ्रिगेट पक्ष्यांचा नुसता गोंधळ चाललेला असतो. काळे, लांब पंखांचे हे पक्षी क्रेटमधला मासा पळत्या माणसाच्या खांद्यावरून उचलून नेतात, म्हणून बरेच जण क्रेटवर एक हात आडवा धरूनच धावतात. पेलिकन त्या मानानं सभ्य, मासे कापणाऱ्यांच्या टेबलाखाली जे पडेल त्याची वाट बघत बसतात. वाळूवर अल्बाकोरा म्हणजे पिवळ्या परांचा टूना, पिकुदो म्हणजे मार्लिनच्या कुळातले चोचवाले मोठे मासे, दोरादो म्हणजे माही-माही, आणि कधी कधी जाळ्यात सापडलेले शार्कही पडलेले असतात. थोडं पुढे वाळूवरच लाकडी जहाजं बांधतात. एखाद्या इमारतीएवढा सांगाडा उभा असतो आणि त्याच्या फळ्यांवर माणसं ठोकाठोक करत असतात.

१६ एप्रिल २०१६ च्या संध्याकाळी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात मनाबीचा हा किनारा फार भरडला गेला. तार्की हा मांताचा गजबजलेला बाजारभाग, तिथं सगळ्यात जास्त पडझड झाली. बाजाराच्या मागच्या रस्त्यांवर मोकळे प्लॉट अजून दिसतात. इथल्या जेवणाबद्दल लिहिताना ते सांगायलाच हवं, कारण एवढं होऊनही पहाटे होड्या लागतात आणि अकरा वाजता चुलीवर पातेली असतात.

आता जेवण. छपराखाली ओळीनं टपऱ्या, प्लॅस्टिकची टेबलं, समोर समुद्र. तुम्ही दिसलात की प्रत्येक टपरीतून कुणीतरी मेनूकार्ड हलवत "सिगा, सिगा!" म्हणजे या, या, म्हणत पुढे येतो. गोंधळून पहिल्याच खुर्चीत बसू नका. एकदा ओळीच्या टोकापर्यंत चालत जा आणि पातेल्यात डोकावून बघा. झाकण उघडून दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. मी ज्या टपरीवर बसतो तिथं साठीच्या आसपासची एक बाई स्वतः चुलीपाशी उभी असते, आणि विचेचं पातेलं ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

"विचे झालंय का, सेन्योरा?"

"दहा मिनिटं थांब, मिहो. केळ्याचे गोळे आत्ताच सोडलेत."

ही दहा मिनिटं चुलीपाशी उभं राहून घालवावीत. पातेल्यात आधी अचोते नावाच्या बियांच्या लाल तेलात कांदा, भोपळी मिरची, लसूण आणि जिरं परतलेलं असतं. त्यावर माशाच्या डोक्यांचं आणि काट्यांचं उकळून गाळलेलं पाणी. मग भाज्या, आणि त्या भरपूर: कसावा, म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, रताळं, लाल भोपळा, शेंगांचे तुकडे, कणसाच्या दोन बोटं जाडीच्या चकत्या, पिकलेल्या केळ्याचे तुकडे. शेंगदाणे भाजून, सालं काढून, लोण्यासारखे मऊ वाटलेले असतात. ते वाटण थेट पातेल्यात टाकत नाहीत. एका भांड्यात गरम रस्सा घेऊन त्यात हातानं कालवतात, एकही गाठ राहिली नाही याची खात्री झाली की हळूहळू ओततात, आणि तिथून पुढे डाव थांबत नाही. थांबला तर शेंगदाणा तळाला धरतो आणि करपल्याचा वास सगळ्या पातेल्याला लागतो. सेन्योरा डाव फिरवताना गिऱ्हाइकाशी बोलते, पैसे घेते, पोराला ओरडते, पण हात चालूच.

गोळे कच्च्या केळ्याचे. अर्धं केळं उकडून कुस्करलेलं, अर्धं कच्चंच किसलेलं, त्यात शेंगदाण्याचं वाटण आणि मीठ. लिंबाएवढे गोळे वळून उकळत्या रश्श्यात सोडतात. ते वर तरंगले की झाले. मासा अगदी शेवटी, चौकोनी मोठ्या तुकड्यांत. लवकर टाकला तर त्याचे तंतू सुटतात आणि रश्श्यात नुसता चुरा उरतो. इथं तो तुकडा चमच्यानं अलगद सुटावा इतकाच शिजतो.

वाडगा समोर आला की वर नारिंगी तेलाची तार आणि कोथिंबीर दिसते, खाली रस्सा दाट, फिक्या मातकट रंगाचा. पहिला चमचा साधाच लागतो. शेंगदाण्याचा गोडवा, जिऱ्याची किंचित चव, आणि माशाच्या पाण्याचा खारटपणा मागून येतो. दुसऱ्या चमच्यात पिकलं केळं सापडतं, आणि आंबट-तिखट माशाची सवय असलेल्या जिभेला ते जरा विचित्र वाटतं. तिथं थांबू नका. लिंबू पिळा, आही नावाची कांदा-मिरचीची पातळ चटणी अर्धा चमचा घाला, आणि मग खा. आंबट आणि तिखट आल्यावर तो गोडवा आपल्या जागी बसतो. कणसाची चकती हातानं उचलून, दाण्यांत मुरलेला रस्सा ओढत खायची. गोळा चमच्यानं फोडला की आत घट्ट, बाहेर मऊ, आणि त्याच्या भेगांत रस्सा शिरतो.

मी दाण्याच्या आमटीवर वाढलो. तीच आमटी कुणी माशाच्या पाण्यात, केळ्यासोबत शिजवेल असं कधी मनात आलं नव्हतं, आणि पहिल्यांदा विचे खाताना जिभेनं अर्धी चव आधीच ओळखली होती. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचाच, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून तो जगभर गेला. केळं उलट दिशेनं, आशियातून इकडे आलं. मनाबीच्या लोकांनी आपल्या मातीतला शेंगदाणा आणि बाहेरून आलेलं केळं यांची इतकी पक्की जोडी बांधली की आज इथल्या जेवणात एकाशिवाय दुसरं सहसा दिसत नाही. भाजलेल्या केळ्यावर भुरभुरायला शेंगदाणा आणि भाजलेला मका वाटून केलेली साल प्रिएता असते, तीही एकदा मागून बघा. उत्तरेला एस्मेराल्दासमध्ये गेलात तर मासा नारळाच्या दुधात शिजतो. त्याला एनकोकादो म्हणतात, आणि तोही उत्तम. पण मांतात बसून नारळ मागू नये, इथं शेंगदाण्याचं राज्य आहे.

एक उणीव मात्र आहे. बाजारातलं विचे गॅसच्या चुलीवर शिजतं. मनाबीच्या खेड्यांत अजून लाकडी चौकटीत राख आणि माती भरून केलेल्या चुली आहेत, त्यावर मातीच्या भांड्यात लाकडाच्या जाळावर जे विचे होतं त्याला धुराचा एक वास असतो. तो इथं मिळत नाही. प्रांताची राजधानी पोर्तोव्हिएहो २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत पाककलेसाठी गेली, त्यामागे हीच चुलीभोवतीची परंपरा आहे. वेळ असेल तर मांताहून तासाभराच्या आत तिकडे पोचता येतं आणि चुलीवरचं खाता येतं. पण तिथं समुद्र नाही, आणि मासा सकाळी डोळ्यांसमोर उतरलेला नसतो. मला दोन्हींतून एकच निवडायला सांगितलं तर मी मांताच निवडेन.

सेविचेबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण तुम्ही ते मागवणारच. इथलं सेविचे शेजारच्या पेरू देशातल्यासारखं नसतं. तिथं कच्चा मासा लिंबात पटकन कालवून सोबत रताळं देतात. इथं वाडगाभर आंबट रस असतो, त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, आणि ते चमच्यानंच खायचं. कोळंबी आधी उकळून घेतात. सोबत चिफ्लेस म्हणजे केळ्याचे पातळ वेफर्स, भाजलेला मका आणि लाह्या येतात, आणि लाह्या सरळ रसात टाकायच्या. वरवर मुरलेल्या आणि आत कुरकुरीत असतानाच खाल्ल्या पाहिजेत, म्हणून मूठभर टाका, संपवा, पुन्हा टाका.

आता कोळंबी, म्हणजे माझा विषय. इक्वेडोर २०२२ पासून दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त कोळंबी परदेशी पाठवतो. १९९९ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं इथली तळी उद्ध्वस्त झाली होती, त्यातून हे लोक पुन्हा उभे राहिले, आणि माल खरोखर चांगला आहे. म्हणूनच ती बिघडवलेली बघवत नाही. नीट उकळलेली कोळंबी अर्धवर्तुळात वाकते. डोकं शेपटीला चिकटून पूर्ण कडं झालं की समजायचं, जास्त उकळली, आता रबर लागणार. या ओळीतल्या एका टपरीवर मला सगळीच्या सगळी कडी मिळाली, वर रसात इतका केचप की लिंबाचा पत्ता नाही. मी सांगितलं तर वाढणारा म्हणाला, पर्यटकांना असंच आवडतं. मला तसं वाटत नाही. पर्यटक बोलत नाहीत एवढंच. तुम्ही बोला. सेविचे मागवताना केचप घालू नका म्हणून स्पष्ट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

मांतात सेविचेच हवं असेल तर कोळंबीपेक्षा पिकुदोचं मागवा. मासा घट्ट, लिंबात पांढरा पडलेला, आणि तोच त्या दिवशी सकाळी वाळूवर बघितलेला असण्याची शक्यता जास्त. त्यातही हिपिहापाच्या पद्धतीचं मिळालं तर सोडू नका. त्यात सेविचेवर शेंगदाण्याचं वाटण आणि अवोकाडो घालतात. आंबट रस, त्यात विरघळणारा शेंगदाणा, मऊ अवोकाडो. मेनूवर नसलं तरी वर शेंगदाणा घालून द्या म्हटलं की सेन्योरा खूश होऊन देते.

काळ्या शिंपल्यांचं सेविचेही बऱ्याच ठिकाणी मिळतं, रस अगदी शाईसारखा काळा. चव जबरदस्त असते, पण शिंपला कवचासकट मागून त्याचा आकार बघा. साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपला काढायला इथं कायद्यानं बंदी आहे. हे शिंपले खारफुटीच्या चिखलात वाढतात, आणि कोळंबीची तळी खणताना या किनाऱ्यावरची पुष्कळ खारफुटी गेली. ज्या धंद्यावर माझं घर चालतं त्याच धंद्यात ती गेली, म्हणून मला याबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. लहान शिंपले दिसले तर परत पाठवा. तसंच १ जुलै ते ७ ऑक्टोबर या काळात दोरादो पकडायला बंदी असते. त्या दिवसांत कुणी ताजा दोरादो म्हणून पुढे केला तर तो ताजा नसतो किंवा कायदेशीर नसतो. दुसरं काय आहे ते विचारा. मेनूवर नुसतं "मासा" लिहिलं असेल तरी कुठला ते विचारावंच. चांगल्या टपरीवर नाव लगेच सांगतात.

सकाळी लवकर पोचलात तर विचेची वेळ झालेली नसते. तेव्हा एनसेबोयादो घ्या: टूना, कसावा, वर लिंबात मुरवलेला कांदा आणि टोमॅटो, पातळ गरम रस्सा. हा अख्ख्या देशाचा सकाळचा आवडता पदार्थ आहे, ग्वायाकिलचे लोक तर त्यावरून वाद घालतात. मांताचा एनसेबोयादो मला ठीक वाटतो, टूना उत्तम पण रस्सा पातळ. त्यापेक्षा बाजाराबाहेरच्या गाड्यावर कोर्विचे खा. कच्चं केळं किसून त्यात शेंगदाणा मळतात, आत टूना आणि कांदा भरून निमुळता आकार देतात आणि तळतात. बाहेरून तपकिरी, कडक कवच, आत वाफाळता मासा. कढईतून निघालेलं असेल तरच घ्या. तळून ठेवलेलं गार कोर्विचे दगडासारखं होतं आणि त्याच्यावरून या पदार्थाची परीक्षा करू नये.

पैशांचं सांगतो. इथं २००० पासून अमेरिकन डॉलरच चलन आहे. विचेचा वाडगा सात डॉलरला, पिकुदोचं सेविचे आठला, कोर्विचे दीड डॉलरला असे भाव मी दिलेत. भात सोबत येतो, चिफ्लेस आणि लाह्याही. वाडगा एवढा मोठा की दोघांत एक पुरतो, वर एक सेविचे वाटून घेतलं की जेवण झालं. कार्ड बहुतेक टपऱ्यांवर चालत नाही. वीसची नोट काढलीत की सुटे शोधायला पोरगा शेजारच्या तीन टपऱ्या फिरतो, म्हणून एक-पाचच्या नोटा आणि डॉलरची सोनेरी नाणी जवळ ठेवा. ही नाणी अमेरिकेत क्वचित दिसतात, इथं मात्र सगळीकडे चालतात.

रविवारी अख्खं मांता आणि निम्मं पोर्तोव्हिएहो इथं जेवायला येतं. गर्दी मला आवडते, तीन पिढ्या एका टेबलावर बसलेल्या असतात, आणि उठून जाणारा अनोळखी माणूससुद्धा तुमच्या टेबलापाशी थांबून "बुएन प्रोवेचो", म्हणजे सावकाश जेवा, म्हणून जातो. पण रविवारी स्वयंपाक घाईत होतो आणि मासा आधी टाकला जातो. शांतपणे खायचं असेल तर मंगळवार-बुधवार बघा. टेबल चिकट असेल तर सांगा, पुसून देतात. हात धुवायची सोय आहे, स्वच्छतागृह मात्र जेमतेम. फार टापटीप हवी असणाऱ्यांना इथं आणू नये.

सेन्योराचं विचे दीड-दोनपर्यंत संपतं, म्हणून साडेबाराच्या आत पोचा. संपलंच असेल तर कासुएला आहे का विचारा: किसलेलं केळं, शेंगदाणा आणि मासा मातीच्या वाडग्यात घट्ट होईपर्यंत भाजून देतात. वेळ लागतो, आणि आल्यावरही लगेच चमचा घालू नका, माती बराच वेळ उकळती राहते. तोवर लाह्या आणि पॅशनफ्रूटचं सरबत मागवा. सरबतात साखर कमी घालायला सांगा.